म्युझियममधली मोफत चित्रकला कार्यशाळा: मोठी मुलं तिसऱ्या दिवशी का गळतात, आणि फी लावून थांबतील का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जिल्ह्याच्या गावात ट्रस्टचं छोटं संग्रहालय आहे आणि तुम्ही तिथे कामाला आहात. दिवाळीच्या सुट्टीत आठवी ते अकरावीच्या मुलांसाठी पाच दिवसांची मोफत चित्रकला कार्यशाळा घेतलीत, गूगल फॉर्मवर नावं धपाधप आली, पहिल्या दिवशी हॉल भरला आणि तिसऱ्या दिवशी सात-आठ टाळकी उरली. आता मे महिन्यात परत घ्यायची आहे आणि ट्रस्टी म्हणतायत की फुकटाला किंमत नसते, दोनशे-तीनशे रुपये फी लावा म्हणजे सिरियस मुलं येतील. तर फी लावावी का?

माझं मत विचाराल तर लावू नका. मी आधी शाळेत कलाशिक्षिका होते आणि गेली बरीच वर्षं सुट्ट्यांमध्ये संग्रहालयांत याच वयाच्या मुलांबरोबर काम करते. फीने काय होतं ते बघितलंय. हजेरी सुधारते हे खरं, पण कार्यशाळा सुधारली म्हणून नाही, मुलं बदलली म्हणून. ज्यांचे आईवडील आधीच क्लासला पैसे भरतात, गाडीवरून सोडतात आणि न्यायला येतात तीच मुलं उरतात आणि ती तशीही टिकली असती. ज्या मुलाला दोनशे रुपये जड जातात तो तुम्हाला येऊन सांगत नाही की सर पैसे नव्हते, तो फक्त येत नाही, आणि तुमच्या रजिस्टरमध्ये त्याची नोंदसुद्धा होत नाही. डिपॉझिट घ्या आणि शेवटच्या दिवशी परत द्या असंही बरेच जण सुचवतात, त्यालाही माझा विरोध आहे कारण महिन्याच्या शेवटी दोनशे रुपये पाच दिवस अडकवून ठेवणं हे काही घरांना खरंच जमत नाही.

म्हणजे तुमचा खरा प्रश्न फीचा नाही. मुलं परत का आली नाहीत हा आहे. आणि त्याची दोन कारणं मला तुमच्याच लिहिण्यात दिसतात. एक, तुमची कार्यशाळा म्हणावी तितकी मोफत नव्हती. दोन, ती म्युझियममध्ये झाली पण म्युझियमची नव्हती.

अर्थात काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुमच्याकडे गॅलरीशिवाय वेगळी खोली किंवा व्हरांडा आहे का, एसटी स्टँड किती लांब, ट्रस्टला किती आधी परवानगी लागते, विदर्भात आहात की कोकणात. विदर्भात मेमध्ये सकाळी साडेसात ते साडेदहा याच्या पलीकडे विचार करू नका. कोकणात असाल तर मुंबईची पोरं सुट्टीला आलेली असतात आणि गावची पोरं त्यांच्याबरोबर भटकत असतात, तेव्हा दोघांनाही बोलवा, मजा येते. सीबीएसईच्या शाळांचं वेळापत्रक राज्य मंडळापेक्षा वेगळं असतं, तारखा ठरवायच्या आधी जवळच्या चार-पाच शाळांना फोन करा. बाकी जे सांगते ते बहुतेक कुठेही लागू पडेल.

आधी मोफत म्हणजे काय ते बघू. तुमच्या जाहिरातीत ओळ होती, "येताना रंग, ब्रश, कार्डशीट व डबा आणावा". ही एक ओळच पुरेशी आहे. पहिल्या दिवशी एका मुलीने बाराची साधी रंगपेटी काढली आणि शेजारच्या टेबलवर कोणी अठ्ठेचाळीस शेड्सचा सेट आणि चार साइझचे ब्रश मांडले की त्या मुलीचा दुसरा दिवस तिथेच संपला, तुम्ही कितीही छान शिकवा. या वयात ते फार लागतं. सगळ्यांना एकच साहित्य द्या आणि साधं द्या. मी तर मुद्दाम पहिले दोन दिवस रंगच काढत नाही. ब्राउन पेपर, न्यूजप्रिंटचे ताव, २बी आणि ६बी पेन्सिल, चारकोल, खोडरबर आणि हार्डबोर्डचे पॅड क्लिपसकट. एवढ्यात मोठं काम होतं आणि कोणाकडे काय आहे हा प्रश्नच येत नाही.

मग एसटीचं भाडं आणि खाणं. दहा ते चार ठेवलीत तर डबा आला, डबा आला की कोणाच्या डब्यात काय तेही आलं. तीन तासांची ठेवा आणि मधे सगळ्यांना एकच खाऊ द्या, पोहे, उसळ, केळं, ताक काहीही. बचत गटातल्या बायकांना ऑर्डर दिलीत तर स्वस्तात आणि ताजं मिळतं. भाड्याचं म्हणाल तर रजिस्ट्रेशनच्या वेळी सगळ्यांनाच विचारा की येण्याजाण्याचे पैसे हवेत का, हो किंवा नाही, कारण विचारू नका. सगळ्यांनाच विचारलं की कोणाला वेगळं वाटत नाही.

वेळेचं तर विसरूच नका. नववीतून दहावीत गेलेल्या मुलांची व्हेकेशन बॅच चालू असते, सकाळी नाहीतर संध्याकाळी, आणि क्लास बुडवून चित्रं काढायला आईवडील पाठवणार नाहीत. क्लासवाल्यांच्या वेळा विचारून मगच तुमची वेळ ठरवा, त्यात कमीपणा काही नाही. मुलींना अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं, बऱ्याच जणींवर धाकट्या भावंडांची जबाबदारी असते. मेमध्ये लग्नं असतात, जत्रा असतात. सलग पाच दिवसांऐवजी दोन आठवड्यांत एक दिवसाआड सहा दिवस ठेवून बघा, एक दिवस चुकला तरी धागा तुटत नाही. आणि शक्य असेल तर दिवाळीत गळलेल्या मुलांना आत्ता फोन करा. का आला नाहीस असं विचारू नका, आम्ही काय बदलू असं विचारा. ती जे सांगतील ते माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा तुमच्या जास्त उपयोगाचं आहे.

आता दुसरं कारण, ज्याच्याबद्दल मला जास्त बोलायचंय. तुमचं वेळापत्रक होतं वारली, मंडला, बॉटल आर्ट, टी-शर्ट पेंटिंग आणि पाचव्या दिवशी सर्टिफिकेट. यातलं सगळं मुलं घरी मोबाइलवर बघून करू शकतात आणि करतातही. तेरा-चौदा वर्षांचं पोरगं पहिल्या तासात ओळखतं की हे सगळं कुठल्याही मंगल कार्यालयात झालं असतं. वारलीचं तर मला वाईटच वाटतं. लग्नघरात सवासिनी भिंतीवर चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात, त्यात पालघट देवी असते, त्याला विधीचा आधार आहे, जिव्या सोमा मशे यांनी तीच कला कागदावर आणून जगभर नेली, आणि आपण दीड तासात दोन त्रिकोण जोडून माणूस कसा करायचा एवढंच शिकवतो. वारली घ्यायचीच असेल तर वारली चित्रकाराला बोलवा, मानधन द्या, दोन दिवस द्या. नाहीतर नका घेऊ.

तुमच्याकडे जे आहे ते दुसरीकडे कुठेच नाही. तुम्ही लिहिलंय की संग्रहात तांब्या-पितळेची भांडी, दिवे, काही शस्त्रं, जुनी वस्त्रं आणि संस्थानकाळातली चार-पाच पोर्ट्रेट्स आहेत, "विशेष असं काही नाही". अहो, पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघा. काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तू, त्याही बहुतेक रोजच्या वापरातल्या, दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुलपं, पाय घासायच्या वज्र्या, आणि लोक तासन्‌तास बघत उभे राहतात. सातारा जिल्ह्यातल्या औंधसारख्या लहान गावात डोंगरावर १९३८ साली तिथले संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी संग्रहालय बांधलं, ते स्वतः चित्रकार होते, आणि तिथे रविवर्म्याच्या चित्रांपासून ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरच्या शिल्पापर्यंत सगळं आहे. गाव लहान म्हणून संग्रह लहान असं काही नसतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१९ मध्ये मुलांसाठी वेगळं चिल्ड्रन्स म्युझियम उघडलं, त्यांची बस वस्तू घेऊन गावोगाव जाते, तेवढी यंत्रणा तुमच्याकडे नसेल, पण त्या बसमधून जे मुलांपर्यंत न्यावं लागतं ते तुमच्या इथे भिंतीपलीकडेच मांडलेलं आहे.

मी सुरुवात नेहमी धातूच्या भांड्यांपासून करते, त्याचं कारण सांगते. आठवीच्या पुढची बरीच मुलं शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसलेली असतात किंवा बसणार असतात, दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. वस्तुचित्र म्हटलं की त्यांच्या डोक्यात तयार साचा असतो, मागे कापड, पुढे तांब्या, डावीकडून उजेड. मी त्या परीक्षांच्या विरोधात अजिबात नाही, त्यांच्यामुळेच खेड्यापाड्यातल्या मुलांच्या हातात पेन्सिल टिकून आहे. पण साचा इतका घट्ट बसलेला असतो की मूल समोर बघतच नाही. तर एक उंच समई घ्या आणि मुलांना तिच्याभोवती बसवा, काही खाली जमिनीवर, काही स्टुलावर, काही उभी. वीस मिनिटं, एकच समई. जवळजवळ प्रत्येक जण खालची बैठक तळाशी सरळ रेघेने काढतो, कारण ती सपाट जमिनीवर ठेवलीय हे त्याला माहीत असतं. मग त्यांना बघायला लावा. वरचं तेलाचं तबक ज्याच्या डोळ्याच्या रेषेत आहे त्याला ते जवळजवळ एक रेघ दिसतं, नजर जशी खाली जाते तसं प्रत्येक वर्तुळ थोडं थोडं उघडत जातं आणि बैठक सगळ्यात जास्त उघडी दिसते. जमिनीवर बसलेल्याला आणि उभ्या असलेल्याला एकच समई वेगळी दिसते. जागा बदलून परत वीस मिनिटं. दुसरं चित्र पहिल्याशेजारी ठेवलं की मुलांना स्वतःलाच फरक दिसतो, तुम्हाला काही म्हणावं लागत नाही. आणि पितळेची चकाकी अंगठ्याने घासून येत नाही हेही तेव्हाच दाखवा. चकाकीच्या पांढऱ्या पट्ट्याला अगदी लागून गडद काळा पट्टा असतो आणि दोघांची कड धारदार असते, ती घासून मऊ केली की पितळेचं प्लॅस्टिक होतं.

दुसऱ्या दिवशी घंगाळ किंवा मोठा हंडा. इथे चित्राच्या आधी हात. प्रदर्शनातला नको, तुमच्या कोठीत नोंद नसलेला एखादा असेल किंवा कोणाच्या घरून आणलेला असेल तो मधे ठेवा आणि मुलांना बोटं फिरवू द्या. बाहेरून एकसारखे चपटे ठोके लागतात ना, ते मठारकाम. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजून ते करणारे कारागीर आहेत. तांब्याचा पत्रा ठोकत ठोकत वाढवतात, ठोकल्याने तांबं कडक होत जातं, म्हणून मधेमधे तापवून परत नरम करतात आणि शेवटी मठारतात, त्याने भांड्याला चकाकीही येते आणि ते मजबूतही होतं. म्हणजे ती नक्षी शोभेची नाही, कामाचीच आहे. हे एकदा कळलं की मुलं ठोके वेगळ्या नजरेने काढतात, कुठे दाट, कुठे विरळ, कुठे कारागिराचा हात चुकलाय. आतून कल्हई असेल तर तेही सांगा, नवसागर टाकून कथलाचा हात फिरवायचे कारण आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या भांड्यात कळकतात. या पिढीने कल्हईवाला बघितलेलाच नाही, घरी जाऊन आजीला विचारतात. मग केटरिंगवाल्यांकडे जेवणाचे जाड अ‍ॅल्युमिनियम फॉइलचे ट्रे मिळतात, त्याचे तुकडे, खाली जुनी वर्तमानपत्रं आणि रिकामं बॉलपेन, एवढ्यावर मुलं स्वतःचे ठोके आणि उठाव करून बघतात. गावात तांबट किंवा कासार असेल तर त्याला बोलवाच.

आणि एक गोष्ट, जिच्यामुळे माझ्याकडे मुलं दुसऱ्या दिवशी परत येतात. जुन्या भांड्यांच्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं असतं, कोणी दिलं, कोणाच्या लग्नात, कधी कधी सालासकट. एका कार्यशाळेत नववीतला एक मुलगा हंडा काढत होता, त्याला ते नाव दिसलं, बाकी सगळं सोडून तो ते वाचत बसला कारण अर्धी अक्षरं घासून गेली होती. मी त्याला पातळ कागद दिला आणि वरून ६बी पेन्सिल आडवी धरून हळू घासायला सांगितली. नुसत्या डोळ्याला न दिसणारी दोन अक्षरं कागदावर आली. सगळा वर्ग गोळा झाला. (हे फक्त हाताळायच्या भांड्यावर करा, प्रदर्शनातल्या वस्तूवर कागद टेकवायचा नाही.) मग मी सगळ्यांना पातळ कागद देऊन घरी पाठवलं, घरात नाव घातलेलं भांडं शोधा आणि त्याचा ठसा आणा. दुसऱ्या दिवशी पणजीच्या नावाचे, माहेरच्या गावांच्या नावांचे ठसे आले, एकाच्या घरात पितळ नव्हतंच तर त्याने स्टीलच्या डब्यावरचं मशीनने कोरलेलं नाव आणलं आणि तेही तितक्याच मानाने भिंतीवर लागलं. तेव्हापासून मी प्रत्येक दिवसाच्या शेवटी घरी काहीतरी शोधायला देते. गृहपाठ म्हणून नाही, जे उद्या इथे आणल्याशिवाय पूर्णच होत नाही असं काहीतरी. गळती रोखायला फीपेक्षा हे कितीतरी जास्त चालतं.

शस्त्रांकडे मुलं आपोआप जातात. तिथे तलवार आख्खी काढू देऊ नका, फक्त मूठ काढायला सांगा. कट्यारीची मूठ आडव्या दोन दांड्यांची असते, ती मुठीत कशी धरली जाईल हे आधी स्वतःचा रिकामा हात काढून दाखवा म्हणा. हात काढणं हे या वयातल्या मुलांना सगळ्यात अवघड वाटतं, पण कट्यारीसाठी ती न कुरकुरता काढतात. पोर्ट्रेट्समध्ये पगड्या, दागिने, हातातल्या वस्तू, मागचा पडदा, चित्रकाराने काय दाखवायचं ठरवलं आणि का, यावर बोलता येतं. नंतर तेच मूल आपल्या आजोबांचं किंवा स्वतःचं पोर्ट्रेट करतं, हातात काय घ्यायचं ते स्वतः ठरवून. अ‍ॅनिमेची चित्रं काढणारी पोरं प्रत्येक बॅचमध्ये असतात, त्यांना नक्कल करतोस म्हणून हिणवू नका. मुंबईच्या जे.जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी तिथले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जाऊन भित्तिचित्रांच्या नकलाच करत होते, त्यातूनच त्यांचा हात तयार झाला. त्यांना म्हणा, तुझ्याच स्टाइलमध्ये हा सरदार काढ, पण पगडीची घडी समोर आहे तशीच आली पाहिजे.

गॅलरीतले नियम मोठ्या मुलांना कारणासकट सांगा. गॅलरीत फक्त पेन्सिल, कारण शाईचा डाग वस्तूवर पडला तर निघत नाही. पाणी, रंग, खाऊ, चारकोलची पूड सगळं बाहेर व्हरांड्यात. फ्लॅश नाही. जुनी वस्त्रं आणि कागदावरची चित्रं साधारण ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) मंद उजेडात ठेवायची असतात कारण प्रकाशाने झालेलं नुकसान भरून येत नाही, म्हणून तिथे अंधारं वाटतं, लाइट खराब नाहीये. धातूला उघडा हात लावायचा नाही कारण घामातल्या क्षारांनी पृष्ठभाग गंजतो. हात लावू नका अशी नुसती पाटी लावली की मुलं हात लावतात, कारण सांगितलं की तीच मुलं दुसऱ्या पाहुण्यांना अडवतात. माझ्याकडे मुलांकडून कधी वस्तूला धक्का लागलेला नाही, त्याचं श्रेय मी या दहा मिनिटांच्या बोलण्याला देते.

शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट द्या, आईवडिलांना आवडतं. पण मुलांना खरं काम द्या. तुमच्या माहितीपाट्या मी पाहिलेल्या नाहीत, पण बहुतेक ठिकाणी "समई, पितळ, १९वे शतक" एवढंच असतं. प्रत्येक मुलाने एका वस्तूसाठी पाच ओळींची पाटी लिहायची, आपल्या बोलीत, तुम्ही तथ्यं तपासायची, आणि ती पाटी चित्रासकट त्या वस्तूशेजारी महिनाभर लावायची. मूल नातेवाइकांना घेऊन परत येतं, माझी पाटी बघा म्हणून. १८ मेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन असतो, १९७७ पासून जगभर पाळतात, आणि तो आपल्या सुट्टीतच येतो. प्रदर्शन त्या दिवशी उघडा, घरच्यांना प्रवेश मोफत ठेवा, आणि पाहुण्यांना संग्रहालय मुलांनाच फिरवून दाखवू द्या. कितीतरी आईवडील त्या निमित्ताने पहिल्यांदा आत येतात. ट्रस्टींना पटवायचं असेल तर हे सांगा, त्यांना हजेरीपेक्षा हे जास्त कळेल. मुलांनीच ठरवलं तर मुलं टिकतात हे इतरांनीही अनुभवलंय, अमेरिकेत मिनियापोलिसच्या वॉकर आर्ट सेंटरमध्ये नव्वदच्या दशकापासून टीनएजर्सची स्वतःची कौन्सिल आहे आणि कार्यक्रम तीच मुलं आखतात. तुमच्याकडे उरलेली ती सात-आठ जणं आहेत ना, त्यांना आत्ताच बोलवा आणि मेचं वेळापत्रक त्यांच्याबरोबर बसून करा.

शिकवायला कोण, हा मोठा प्रश्न. एक अनुभवी कलाशिक्षक आणि त्यांच्याबरोबर एटीडी (कलाशिक्षक पदविका) किंवा बीएफएला (चित्रकलेच्या पदवीला) असलेली दोन तरुण मुलं, अशी जोडी मला सगळ्यात चांगली वाटते. सोळा वर्षांच्या मुलीला चित्रकलेत पुढे काय करता येतं हे वीस वर्षांच्या ताईला बघून जेवढं कळतं तेवढं माझ्या भाषणाने कळत नाही. पंचवीस मुलांना तिघं हवीतच. आणि यांना पैसे द्या. समाजकार्य आहे म्हणून कलाकाराला फुकट बोलवायची आपल्याकडे वाईट सवय आहे. कार्यशाळा मुलांसाठी मोफत असावी, कलाकाराच्या खिशातून मोफत असू नये. फुकट आलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुसरं काम आलं की जातो, आणि त्याला बोलताही येत नाही.

पैसे कुठून आणायचे? आकडा वाटतो तेवढा मोठा होत नाही, सगळ्यात मोठा खर्च मानधनाचा, मग खाऊ, मग साहित्य. रोटरी, लायन्स, गावातली सहकारी बँक, स्टेशनरीचे होलसेल व्यापारी, भांड्यांचे दुकानदार (धातूच्या भांड्यांवर कार्यशाळा आहे म्हटलं की ते खूश होतात), यांच्याकडे एकरकमी देणगी मागू नका, "पंचवीस मुलांचा सहा दिवसांचा खाऊ" किंवा "दोन तरुण शिक्षकांचं मानधन" असं नेमकं मागा, चटकन मिळतं. फक्त बॅनरवर देणाऱ्याचं नाव, मुलांच्या कागदांवर किंवा टी-शर्टवर नाही.

नाव नोंदणी गूगल फॉर्मवर ठेवू नका, निदान फक्त त्यावर नको. फॉर्म आई भरते, मुलाला पत्ताच नसतो. शाळेतल्या कलाशिक्षकांना भेटा, त्यांना म्हणा की चांगली चित्रं काढणारी नव्हे, वहीच्या मागच्या पानावर काहीतरी काढत बसणारी मुलं सुचवा. जिल्हा परिषदेची आणि नगरपालिकेची शाळा धरून. मुलाने स्वतः संग्रहालयात येऊन नाव द्यायचं, त्यातच त्याला जागा बघून होते. आदल्या संध्याकाळी प्रत्येकाला फोन, मेसेज नाही. मोफत कार्यक्रमाला नाव देऊन न येणारे असतातच, म्हणून थोडी जास्त नावं आणि वेटिंग लिस्ट ठेवा, त्यात वाईट वाटून घेऊ नका.

पालकांचं संमतीपत्र लेखी घ्या, फोटो काढायची आणि टाकायची परवानगी त्यात वेगळी विचारा. मुलं अठराच्या आतली आहेत, २०१२ चा पोक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा) तुमच्या सगळ्या स्टाफला आणि शिकवणाऱ्यांना माहीत असला पाहिजे. कुठलाही मोठा माणूस कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा नको, एक बाई पूर्ण वेळ हवी. मुलींचं टॉयलेट चालू आणि स्वच्छ आहे का, तिथे पॅड ठेवलेत का, हे पहिल्या दिवसाच्या आधी स्वतः बघा. मुली न सांगता येणं बंद करतात त्याचं हेही एक कारण असतं आणि ते कोणी फॉर्ममध्ये लिहीत नाही.

ट्रस्टींपुढे जाताना फीचा विषय टाळू नका, तुम्हीच काढा. त्यांना म्हणा की या मे महिन्यात मोफतच करू, पण साहित्य, खाऊ आणि भाडं धरून खरोखर मोफत, आणि काम आपल्याच संग्रहावर. तिसऱ्या दिवशी किती उरली ते बघू आणि मग फीचं बोलू. एवढी एक संधी बहुतेक देतात.

तुमच्या व्हरांड्याची साइझ, किती मुलं धरताय आणि कोठीत हाताळता येण्यासारखं काय आहे ते कळवा, साहित्याची यादी आणि सहा दिवसांचा कच्चा आराखडा मी लिहून देते.